डेस्कटॉप लिनक्स : ड्रायव्हर, कोडेक आणि परवान्यांचा गुंता

डेस्कटॉप संगणकावर लिनक्स बसवणाऱ्यांच्या तक्रारी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत संख्येने घटल्या असल्या तरी त्यांचे स्वरूप फारसे बदललेले नाही. वाय-फाय दिसत नाही, ग्राफिक्स कार्ड नीट ओळखले जात नाही, आवाज येत नाही, चित्रपटाची फाइल उघडते पण पडदा काळाच राहतो, अशा या तक्रारी सुट्यासुट्या मांडल्या जातात आणि त्यांवरचे तोडगेही सुटेसुटेच सांगितले जातात. परंतु प्रत्येक अडचणीचा माग काढत मुळापर्यंत गेल्यास तांत्रिक असमर्थता क्वचितच आढळते. बहुतेक वेळा तेथे परवानगीचा अडसर असतो. कोठे कंपनीने यंत्रभागाची माहिती उघड केलेली नसते, कोठे प्रोग्रॅम असूनही तो पुढे वाटण्याची मुभा नसते, कोठे एखाद्या पद्धतीवर पेटंट असल्याने वितरण, म्हणजे उबंटू किंवा फेडोरासारखा तयार लिनक्ससंच, बनवणारी संस्था ती वापरणारा प्रोग्रॅम सोबत देण्यास धजत नाही. हा अडसर नेमका कोणत्या थरावर आहे हे ओळखता आले की दुरुस्ती सहसा अवघड राहत नाही, आणि म्हणून ड्रायव्हर व माध्यमवादन हे दोन विषय एकत्र पाहणे उपयुक्त ठरते.

लिनस टॉर्वाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकी येथे लिहायला घेतलेला आणि १९९२ पासून जीपीएल या परवान्याखाली असलेला लिनक्स म्हणजे काटेकोर अर्थाने केवळ कर्नल, अर्थात प्रोग्रॅम आणि यंत्रभाग यांच्यामध्ये बसणारा गाभा होय. एखाद्या यंत्रभागाशी त्याच्याच भाषेत बोलणारा कर्नलचा अंश म्हणजे ड्रायव्हर. विंडोजच्या सवयीचा वापरकर्ता ड्रायव्हर ही वेगळी आणून बसवायची वस्तू मानतो. लिनक्समध्ये मात्र हजारो यंत्रभागांचे ड्रायव्हर कर्नलच्या मूळ संहितेतच असतात आणि मॉड्यूल म्हणजे सुटे पण तयार भाग या रूपात प्रत्येक वितरणासोबत येतात. पीसीआय जोडणीवरचा प्रत्येक यंत्रभाग आपला उत्पादक क्रमांक आणि उपकरण क्रमांक सांगतो. इंटेलचा क्रमांक ८०८६, एएमडीच्या ग्राफिक्सचा १००२, तर एनव्हिडियाचा १०डीई असा आहे. संगणक सुरू होताना हा क्रमांक कोणत्या मॉड्यूलच्या यादीत आहे हे पाहून ते मॉड्यूल आपोआप चढवले जाते, आणि वापरकर्त्याला यातले काहीच दिसत नाही. 'एलएसपीसीआय' ही यंत्रभागांची यादी देणारी आज्ञा 'के' या जोडअक्षरासह दिली की प्रत्येक यंत्रभागाखाली त्याचा सध्याचा ड्रायव्हर लिहून येतो; ती ओळ जेथे गायब असते तेथे शोध सुरू करावा. अनेकदा वापरकर्ते हे न पाहताच नवे काहीतरी बसवू लागतात आणि चांगली चालणारी व्यवस्था बिघडवून बसतात.

कर्नलमध्ये नसलेल्या ड्रायव्हरची कथा निराळी आहे. कर्नलची बाहेरच्या प्रोग्रॅमांशी असलेली सीमा काटेकोरपणे स्थिर ठेवली जाते, परंतु कर्नल आणि त्याचे ड्रायव्हर यांच्यामधली आतली सीमा हेतुपुरस्सर स्थिर ठेवलेली नाही. ग्रेग क्रोआ-हार्टमन या ज्येष्ठ कर्नल-विकासकाने हे धोरण कर्नलच्या दस्तऐवजांतच सविस्तर मांडले आहे. आतली रचना बदलायची झाली तर बदल करणाराच मूळ संहितेतले सगळे ड्रायव्हर सुधारून देतो, म्हणून संहितेच्या आत असलेल्याला त्रास नाही. बाहेर राहणाऱ्याला मात्र प्रत्येक नव्या कर्नलसाठी आपले मॉड्यूल पुन्हा बांधावे लागते. हे काम आपोआप व्हावे म्हणून डेल कंपनीच्या अभियंत्यांनी डीकेएमएस ही यंत्रणा तयार केली. नवा कर्नल आला की ती बाहेरच्या मॉड्यूलची संहिता घेऊन ते नव्याने बांधते. कर्नलच्या हेडर फाइल बसवलेल्या नसल्या, किंवा ड्रायव्हर जुना आणि कर्नल फारच नवा असला, की हे बांधकाम फसते आणि काल चालणारा पडदा आज अद्ययावत केल्यानंतर कमी रिझोल्यूशनवर उघडतो. हे धोरण वापरकर्त्यावर अन्याय करणारे आहे असे म्हणणारे पुष्कळ आहेत. तरीही दहा-पंधरा वर्षांपूर्वीची ध्वनिकार्डे आजच्या कर्नलवर निमूटपणे चालतात, ती याच धोरणामुळे, हे नाकारता येत नाही.

ड्रायव्हर मुक्त असूनही यंत्रभाग न चालण्याचे दुसरे कारण म्हणजे फर्मवेअर, अर्थात यंत्रभागाच्या आतल्या छोट्या प्रक्रियकावर चालणारा आणि सुरू होताना त्याला भरवावा लागणारा प्रोग्रॅम. वाय-फाय चिप, नवी ग्राफिक्स कार्डे आणि ब्लूटूथ यांना तो लागतोच, आणि तो जवळजवळ नेहमी संहितेविना, केवळ तयार रूपात मिळतो. मुक्त सॉफ्टवेअरच्या तत्त्वावर उभ्या असलेल्या डेबियन प्रकल्पाने अशा फाइली दीर्घकाळ आपल्या मुख्य इन्स्टॉलरबाहेर ठेवल्या. त्यातून एक विचित्र पेच निर्माण होई : वाय-फाय चालू करणारी फाइल नेटवरून उतरवायची, आणि नेट तर त्या वाय-फायवाचून नाही. ज्या लॅपटॉपला केबलचे तोंडच नाही त्याच्या मालकाने फोन यूएसबीने जोडून त्याचे नेट संगणकाला द्यावे, पॅकेज उतरवावे आणि मग फोन काढावा, हा तोडगा आजही उपयोगी पडतो, कारण फोनची ही जोडणी कर्नल केबलच्या जाळ्यासारखीच मानतो. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदानाने ठराव करून अमुक्त फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेण्यास मान्यता दिली, त्यासाठी प्रकल्पाच्या सामाजिक करारात दुरुस्ती केली, आणि जून २०२३ मधील बारावी आवृत्ती त्याप्रमाणे आली. तत्त्वाला मुरड घालणारा हा निर्णय योग्यच होता असे म्हणावे लागते. ज्याचे यंत्र सुरूच होत नाही त्याच्यापर्यंत मुक्त सॉफ्टवेअर पोहोचतच नाही.

ग्राफिक्स कार्डांच्या इतिहासात हा सगळा संघर्ष सर्वांत स्पष्ट दिसतो. येथे ड्रायव्हरचे दोन भाग असतात : कर्नलमधला भाग स्मृती आणि वीज यांची व्यवस्था पाहतो, तर कर्नलबाहेरचा भाग ओपनजीएल किंवा व्हल्कन या चित्ररेखनाच्या भाषा चिपच्या आज्ञांमध्ये उतरवतो. दुसऱ्या भागाचे मुक्त रूप म्हणजे ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला मेसा प्रकल्प. इंटेलने आपले ड्रायव्हर आरंभापासून मुक्त पद्धतीनेच लिहिले, त्यामुळे इंटेल ग्राफिक्सच्या संगणकावर वेगळे काही बसवावे लागत नाही. एएमडीने २००६ मध्ये एटीआय ही कंपनी घेतली आणि पुढच्याच वर्षी चिपचे दस्तऐवज खुले करण्याचे धोरण जाहीर केले. २०१५ च्या ४.२ या कर्नलमध्ये एएमडीजीपीयू हा ड्रायव्हर आला आणि त्यानंतर एएमडीच्या कार्डांचा प्रश्नही सामान्य वापरकर्त्यापुरता संपला.

एनव्हिडियाने मात्र आपला ड्रायव्हर बंद ठेवला. तो वेगवान होता, खेळ आणि गणन यांसाठी उत्तम होता, पण तो कर्नलबाहेरचा असल्याने वर सांगितलेल्या पुनर्बांधणीच्या सगळ्या अडचणी त्याच्या वाट्याला आल्या, आणि तो चढवताच कर्नल स्वतःला 'टेंटेड' म्हणजे दूषित ठरवी, म्हणजेच पुढे काही बिघडल्यास कर्नलचे विकासक त्या दोषाची जबाबदारी घेत नसत. दुसरीकडे स्वयंसेवकांनी चालत्या कार्डाचे वर्तन निरखून, आज्ञांचा अर्थ उलट दिशेने लावत नूव्हो हा मुक्त ड्रायव्हर लिहिला, आणि २०१० मध्ये तो २.६.३३ या कर्नलमध्ये दाखल झाला. पडदा चालू करण्याइतके काम तो नीट करी. पण पुढे कंपनीने फर्मवेअरवर आपली डिजिटल सही सक्तीची केली आणि सहीवाचून कार्डाचा वेग वाढवणेच अशक्य झाले, त्यामुळे मधल्या काळातील कार्डे नूव्होखाली आपल्या सर्वांत कमी गतीवर अडकून राहिली. एखाद्या चिपचा मालक तिच्या वेगाची किल्ली आपल्याकडे ठेवतो आणि विकत घेणाऱ्याला देत नाही, ही गोष्ट गैर आहे आणि तसे स्पष्ट म्हटले पाहिजे. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने कर्नलमधल्या भागाची संहिता खुली केली. टुरिंग या पिढीपासून पुढच्या कार्डांत जीएसपी नावाचा स्वतंत्र प्रक्रियक असून पूर्वी ड्रायव्हरमध्ये असलेले पुष्कळसे गुपित त्याच्या फर्मवेअरमध्ये हलवले गेले, म्हणून हे शक्य झाले. कर्नलबाहेरचा भाग अद्याप बंदच आहे, परंतु त्याला पर्याय म्हणून मेसामध्ये एनव्हीके हा मुक्त व्हल्कन ड्रायव्हर वाढतो आहे. सध्या तरी अशा कार्डाच्या मालकाने कंपनीच्या संकेतस्थळावरून फाइल उतरवून हाताने न बसवता आपल्या वितरणाच्या भांडारातलेच पॅकेज घ्यावे. उबंटूत 'अतिरिक्त ड्रायव्हर' हा कप्पा त्यासाठीच आहे. हाताने बसवलेली फाइल पॅकेजव्यवस्थेच्या नोंदीत येत नाही आणि पुढच्या अद्ययावतीकरणात तीच आडवी येते.

या ठिकाणी अनेकांना अडवणारी आणखी एक पायरी आहे. सिक्युअर बूट ही संगणकाच्या मूळ फर्मवेअरमधली व्यवस्था सही नसलेला कर्नल चालू देत नाही, आणि तिच्याखाली कर्नलही बहुतेक वितरणांत सही नसलेले मॉड्यूल नाकारतो. घरच्या संगणकावर बांधलेल्या मॉड्यूलवर वितरणाची सही असणार नाही, म्हणून इन्स्टॉलर त्या यंत्रापुरती एक नवी किल्ली तयार करतो आणि वापरकर्त्याला एक तात्पुरता पासवर्ड ठरवायला सांगतो. संगणक पुन्हा सुरू झाला की निळा पडदा येतो, किल्लीव्यवस्थापनासाठी कोणतीही कळ दाबण्यास सांगतो आणि दहा सेकंद मोजतो. त्या दहा सेकंदांत कळ दाबून, किल्ली नोंदवण्याचा पर्याय निवडून, तोच पासवर्ड दिला तर काम झाले. पडद्याचा अर्थ न कळून तो तसाच जाऊ दिला तर मॉड्यूल चढत नाही, आणि ड्रायव्हर 'बसवलेला' असूनही चालत नाही असे चित्र दिसते. पुष्कळ मार्गदर्शक या टप्प्यावर सिक्युअर बूट बंदच करून टाकण्याचा सल्ला देतात. त्याची गरज नाही; किल्ली पुन्हा नोंदवता येते.

ध्वनीच्या बाबतीत थोडक्यात सांगता येते, कारण एकेकाळचा हा सर्वांत त्रासदायक प्रांत आज बराच शांत झाला आहे. २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ या कर्नलपासून आल्सा हा ध्वनिड्रायव्हरांचा संच प्रमाण झाला. अनेक प्रोग्रॅमांचे आवाज मिसळण्यासाठी त्यावर लेनार्ट पोटरिंग यांचा पल्सऑडिओ आला, जो घाईने स्वीकारल्यामुळे आरंभी बराच बदनाम झाला. आणि विम टायमन्स यांच्या पाइपवायरने आता त्याची जागा घेतली आहे. एप्रिल २०२१ च्या फेडोरा ३४ मध्ये पाइपवायर मूळ निवड झाला आणि इतर प्रमुख वितरणे मागोमाग आली. आवाज येत नसेल तर आज बहुधा चुकीचे निर्गमद्वार निवडलेले असते, म्हणजे आवाज स्पीकरऐवजी मॉनिटरच्या एचडीएमआय तारेकडे जात असतो, किंवा नव्या लॅपटॉपच्या ध्वनिप्रक्रियकाचे फर्मवेअर पॅकेज राहून गेलेले असते.

माध्यमवादनाकडे वळताना एक भेद आधी स्पष्ट करावा लागतो. फाइलच्या नावाच्या शेवटी एमकेव्ही किंवा एमपी४ असे जे लिहिलेले असते ते डब्याचे नाव होय. त्या डब्यात चित्र, आवाज आणि उपशीर्षके वेगवेगळ्या रीतींनी आवळून ठेवलेली असतात, आणि आवळण्या-उलगडण्याची प्रत्येक रीत म्हणजे एक कोडेक. एकाच एमकेव्ही फाइलमध्ये चित्र एचईव्हीसीमध्ये आणि आवाज एसी-३ मध्ये असू शकतो. संगणकात पहिला कोडेक नसेल आणि दुसरा असेल, तर संवाद ऐकू येतात आणि पडदा काळा राहतो. ही फाइल खराब आहे असा समज करून ती पुन्हा उतरवण्यात लोक तासन्‌तास घालवतात. लिनक्सवर उलगडण्याचे बहुतेक काम फॅब्रिस बेलार यांनी २००० मध्ये सुरू केलेल्या एफएफएमपेगच्या ग्रंथालयांवर चालते. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थी-प्रकल्पातून निघालेला व्हीएलसी आणि एमपीव्ही हे वादक त्यावरच उभे आहेत. नोम डेस्कटॉपचे प्रोग्रॅम जीस्ट्रीमर ही दुसरी चौकट वापरतात, आणि तिच्या जोडण्यांच्या गठ्ठ्यांची नावे चांगला, वाईट आणि कुरूप अशी आहेत. 'कुरूप' हा शेरा संहितेच्या दर्जावर नाही. त्या गठ्ठ्यातल्या जोडण्या उत्तम चालतात, त्यांच्या वितरणात परवाना किंवा पेटंट यांची अडचण येऊ शकते एवढेच त्यातून सुचवायचे आहे.

पेटंटांमुळे वितरणांचे मार्ग निरनिराळे झाले. फेडोरामागे रेड हॅट ही अमेरिकी कंपनी उभी असल्याने तिने पेटंट असलेले कोडेक देण्याचे टाळले. एमपी३ चे उलगडणेसुद्धा फेडोरात २०१६ च्या अखेरीस आले आणि एप्रिल २०१७ मध्ये त्या रीतीचा परवाना-कार्यक्रमच संपल्यानंतर एमपी३ पूर्ण मोकळा झाला. एच.२६४ साठी सिस्को कंपनीने २०१३ मध्ये वेगळी वाट काढली : ओपनएच२६४ ची संहिता खुली ठेवायची, पण तयार फाइल सिस्कोनेच वाटायची आणि तिचे परवानाशुल्क सिस्कोनेच भरायचे. म्हणूनच ही फाइल फेडोराच्या वापरकर्त्याकडे आजही सिस्कोच्या सर्व्हरवरून येते. एचईव्हीसीच्या पेटंटधारकांनी एकाऐवजी अनेक संघ उभे केल्याने तेथील गुंता सुटणे कठीणच आहे. २०२२ मध्ये फेडोराने मेसामधील यंत्रसाहाय्याने उलगडण्याची सोयसुद्धा एच.२६४ आणि एचईव्हीसीपुरती काढून टाकली, आणि कार्डाने सहज केले असते ते काम प्रक्रियकावर येऊन अनेकांचे लॅपटॉप तापू लागले. या वितरणाचा वापरकर्ता २००८ मध्ये तीन जुनी भांडारे एकत्र करून स्थापन झालेल्या आरपीएम फ्युजनचा आधार घेतो आणि मर्यादित एफएफएमपेग व मेसा पॅकेजांच्या जागी तेथील पूर्ण पॅकेजे बसवतो; ओपनसुसेत हीच भूमिका पॅकमन बजावते. कंपनीच्या मालकीचा नसलेला डेबियन एफएफएमपेग आपल्या मुख्य भांडारातच देतो, तर उबंटू बसवताना एक चौकट खूण करून हा प्रश्न निकालात काढता येतो.

भारतीय वापरकर्त्याच्या बाबतीत कायद्याची स्थिती वेगळी असून तिची चर्चा मराठीत फारशी होत नाही. १९७० च्या पेटंट अधिनियमाचे कलम ३(के) गणिती पद्धती, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणक-प्रोग्रॅम यांना पेटंटयोग्य मानत नाही. २००४ च्या वटहुकुमाने ही तरतूद सैल करण्याचा प्रयत्न झाला होता, तो २००५ मध्ये संसदेने स्वीकारला नाही. मात्र यावरून भारतात कोडेकांवर पेटंटच नाहीत असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. मार्च २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मोबाइल-तंत्रातील पेटंटांवरून, ज्यांत संभाषणाच्या कोडेकचाही समावेश होता, एरिक्सनच्या बाजूने निकाल देऊन लावा कंपनीला २४४ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. असे दावे उत्पादकांवर होतात. घरी चित्रपट पाहणाऱ्याला त्यांची झळ सहसा लागत नाही.

डीव्हीडी आणि प्रवाही सेवा यांचा प्रश्न पेटंटाचा नसून कुलपाचा आहे. डीव्हीडीवरील सीएसएस हे ४० बिटांच्या किल्लीचे कुलूप १९९९ मध्ये फुटले. ते उघडणाऱ्या प्रोग्रॅमसाठी खटला भरलेल्या यॉन लेक योहान्सेन या नॉर्वेतील तरुणाची २००३ मध्ये निर्दोष सुटका झाली. तरीही असे कुलूप ओलांडण्यास मनाई करणाऱ्या अमेरिकेतील १९९८ च्या कायद्यामुळे, व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅनचे लिबडीव्हीडीसीएसएस हे ग्रंथालय बहुतेक वितरणे सोबत देत नाहीत, आणि डेबियनमध्ये ते घरच्या यंत्रावरच बांधणारे पॅकेज घ्यावे लागते. भारताच्या कॉपीराइट अधिनियमात २०१२ मध्ये आलेले ६५ए हे कलम हक्कभंग करण्याच्या हेतूने कुलूप ओलांडणाऱ्यालाच दोन वर्षांपर्यंतची शिक्षा सांगते. स्वतः विकत घेतलेली तबकडी आपल्या संगणकावर पाहणाऱ्याचा हेतू तसा नसतो. प्रवाही सेवांचे वाइडवाइन हे कुलूप ब्राउझरमधून लिनक्सवर चालते, पण येथे ते यंत्रभागाच्या संरक्षणाविना, केवळ सॉफ्टवेअरच्या पातळीवर असल्याने अनेक सेवा आपले सर्वांत स्पष्ट चित्र लिनक्सला देत नाहीत. यावर वापरकर्त्याच्या हाती उपाय नाही, आणि तो सुचवणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

आशेची जागा मुक्त कोडेकांत आहे. आवाजासाठी ओपस २०१२ मध्ये इंटरनेटचे प्रमाण म्हणून जाहीर झाला, आणि २०१५ मध्ये स्थापन झालेल्या अलायन्स फॉर ओपन मीडियाने २०१८ मध्ये एव्ही१ हा परवानाशुल्क नसलेला चित्रकोडेक प्रसिद्ध केला, जो आज यूट्यूबसारख्या मोठ्या सेवा वापरतात. वितरणाला तो देण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, आणि नव्या कार्डांत त्याच्या उलगडण्याची सोय यंत्रातच असते. ती सोय लिनक्सवर मुख्यतः व्हीए-एपीआय या सेतूतून मिळते; 'व्हीएइन्फो' ही आज्ञा दिल्यास कार्ड कोणकोणते कोडेक स्वतः उलगडते त्याची यादी येते.

मराठी उपशीर्षकांचा एक छोटा पण महत्त्वाचा मुद्दा येथे नोंदवायला हवा. 'दुसऱ्या' या शब्दातला अर्धा र किंवा 'किती'मधली पहिली वेलांटी योग्य जागी येण्यासाठी अक्षरजुळणी करणारे हार्फबझ हे ग्रंथालय आणि देवनागरीचा पूर्ण फाँट या दोन्हींची गरज असते. एमपीव्हीसारखे वादक उपशीर्षकांसाठी लिबास हे ग्रंथालय वापरतात आणि तेथे जुळणी हार्फबझच करते, म्हणून चौकोन दिसत असतील तर नोटो किंवा लोहित फाँटचे पॅकेज बसवावे, आणि अक्षरांऐवजी अगम्य चिन्हे दिसत असतील तर उपशीर्षकाची फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करून पाहावी.

नवा संगणक घेणाऱ्याला यातले बहुतेक कष्ट टाळता येतात. दुकानदाराची संमती असेल तर पेनड्राइव्हवरचे लिनक्स डिस्कला हात न लावता तेथेच चालू करावे, वाय-फाय जोडावे, आवाज ऐकावा, झाकण मिटून पुन्हा उघडून पाहावे आणि 'एलएसपीसीआय'च्या यादीत प्रत्येक यंत्रभागाखाली ड्रायव्हरचे नाव आले आहे याची खात्री करून मगच पैसे द्यावेत. या तपासणीला दहा-पंधरा मिनिटे पुरतात.